एकोणीस मिनिटांचं दूध

मी घड्याळं दुरुस्त करतो आणि खोटं बोलत नाही. यातली पहिली गोष्ट सगळं गाव मान्य करतं. दुसरीचं काय झालं ते सांगतो.

त्रिंकोमालीच्या बंदरामागच्या गल्लीत माझं दुकान. डावीकडं कंदय्या मास्तर राहायचे, उजवीकडं सोमावती अक्का. मास्तर तमिळ, जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेले, गल्लीतल्या मुलांना गणित शिकवायचे म्हणून मास्तर. कुठल्याही वाटेवर उभे राहिले की आधी सूर्य कुठं आहे ते बघणार, मग समोरून कोण येतंय ते. अक्का सिंहली, सरकारी सुईण. निम्मं गाव पहिल्यांदा रडलं ते तिच्या हातात. पत्रिकेसाठी जन्मवेळ अचूक हवी, म्हणून बाळ बाहेर आलं की ती आधी घड्याळाकडं बघायची, मग मुलगा की मुलगी ते. मधे मी. आमच्याकडं मुसलमान दुकानदाराला सगळेच नाना म्हणतात, म्हणजे थोरला भाऊ. मी त्या दोघांपेक्षा दहा वर्षांनी लहान, तरी नानाच.

चौसष्ट सालच्या चक्रीवादळात दोघांच्याही स्वयंपाकघराची छपरं उडून खाडीत गेली. चार महिन्यांनी तमिळांचं आणि सिंहलींचं एप्रिलचं नवं वर्ष आलं तेव्हा चूल पेटवण्यासारखी जागा एकच उरली होती, माझ्या दुकानामागचं अंगण. तिथं तीन दगड मांडले आणि ठरलं की दोन्ही घरांचं दूध एकाच मडक्यात उतू जाऊ द्यायचं आणि त्यातच भात शिजवायचा. पुढं छपरं परत चढली, पण मडकं एकच राहिलं.

अडचण होती ती पंचांगाची. सूर्य एक, मीन राशीतून तो मेषेत जातो ते जाणंही एकच. पण तमिळ पंचांग आणि सिंहली पंचांग त्याला वेगवेगळ्या दारानं घरात घेतात, आणि चूल पेटवायची वेळ काही दोघांची जुळत नाही. पहिल्याच वर्षी चौदा मिनिटांचा फरक आला.

"चौदा मिनिटं म्हणजे पृथ्वी साडेतीन अंश फिरते, अक्का," मास्तर म्हणाले. "काही गंमत आहे का?"

"चौदा मिनिटांत जुळी होतात, मास्तर. मला नका सांगू."

"मग तुमची तुम्ही पेटवा!"

"पेटवते! अर्धं मडकं फोडून घेऊन जा तुमचं!"

तेव्हा मी मधे पडलो. म्हटलं, आधी दोघांची घड्याळं तर बघू, समुद्राच्या खाऱ्या हवेनं काटे धरलेत. घड्याळं दुकानात आणली, मास्तरांचं सात मिनिटं मागं केलं, अक्काचं सात मिनिटं पुढं, आणि पुसूनबिसून परत दिली. नव्या वर्षाच्या सकाळी दोघं आपापल्या घड्याळाकडं बघत, आपापल्या वेळेवर, एकदमच अंगणात आले. चूल पेटली. दुपारी मी काटे जागेवर आणून ठेवले.

एकमेकांचं पंचांग उघडायचं नाही असा दोघांचा बाणा, त्यामुळं सापडायची भीती नव्हती. रेडिओवर वेळा सांगतात खऱ्या, पण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्या दोघांच्या रेडिओत काहीतरी बिघडायचंच, आणि तो माझ्याकडंच यायचा. फटाके तर सकाळी तासभर कुठून ना कुठून फुटतच असतात. अक्का म्हणायची, लोकांना धीर नाही.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. त्याच संध्याकाळी मास्तर माझ्या दुकानात आले आणि हळूच म्हणाले, "नाना, बाईनं एक शब्द न बोलता आपली वेळ सोडली रे माझ्यासाठी. मी विषय काढणार नाही. तूही काढू नकोस." ते गेले आणि अक्का आली. "म्हातारा अडेल आहे, पण माझ्यासाठी थांबला हो. बोलू नकोस त्याला, लाजेल."

आता यावर मी काय बोलणार? गप्प बसलो. दर वर्षी गप्प बसलो. अक्का मास्तरांच्या गुडघ्याला औषधी तेल चोळायला लागली. मास्तर तिचा चष्मा बनवून आणायला बसनं पार कँडीला जाऊन आले. माझाही फायदाच होता. भिंग लावून लावून माझी नजर अधू झालेली, रमजानचा चंद्र काही दिसायचा नाही. मास्तर वहीत गणित करून सांगायचे, "तिसऱ्या नारळाच्या डावीकडं, चार बोटं वर." आणि अक्का छपराच्या कडेला हात लावून एका क्षणात ओरडायची, "दिसला, नाना, तुझा चंद्र! नखाएवढा!" माझी बायको गेल्यापासून घरात ईद आल्यासारखं वाटायचं ते त्या ओरडण्यानंच.

अकरा वर्षं गेली. त्या वर्षी फरक एकोणीस मिनिटांचा होता. मास्तरांची वेळ चौदा तारखेला सकाळी सात बारा, अक्काची सात एकतीस. मी मास्तरांचं घड्याळ दहा मिनिटं मागं केलं, अक्काचं नऊ मिनिटं पुढं. एरवी मी तेराच्या संध्याकाळी परत द्यायचो. पण पुतणीचं लग्न होतं किन्नियाला, तेराला मी गावात नसणार, म्हणून बाराच्या सकाळीच देऊन टाकली. सगळी चूक ती एवढीच.

त्याच दुपारी शाळेतल्या सेल्वी टीचरनी मैदानात बांबू रोवला. आमच्याकडं एप्रिलात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि एका क्षणाला माणसाची सावली पायाखाली गडप होते. टीचरनी सकाळच्या रेडिओवर आपलं घड्याळ लावलं होतं. फळ्यावर लिहिलं होतं, बारा वाजून सहा मिनिटं. सगळी गल्ली बघायला लोटली. मास्तर पितळी घड्याळ काखेत घेऊन आले, अक्का गजराचं घड्याळ पदरात गुंडाळून आली. मला ते दिसलं आणि मी गर्दीच्या मागं सरकलो.

"झाले बारा सहा!" अक्का ओरडली. "बघा!"

सगळ्यांनी बघितलं. बांबूला दोन बोटं सावली होती.

"अजून वेळ आहे, अक्का," टीचर म्हणाल्या.

"वेळ कुठली? हे घड्याळ आज सकाळीच नानानं साफ करून दिलंय."

नऊ मिनिटांनी सावली बांबूच्या बुडाशी येऊन नाहीशी झाली. मुलांनी टाळ्या पिटल्या. मास्तरांनी मात्र हात वर केला. "थांबा. बाराला चार कमी आहेत. सूर्य दहा मिनिटं लवकर आला."

"सूर्य लवकर येत नाही, मास्तर," टीचर भीतभीत म्हणाल्या. लहानपणी मास्तरांनीच त्यांना गणित शिकवलं होतं.

 मास्तरांनी अक्काच्या घड्याळात बघितलं. मग आपल्या. मग खिशातून पेन्सिल काढून तळहातावर वजाबाकी केली. एकोणीस. आणि मग, अकरा वर्षांत पहिल्यांदा, ते अक्काला म्हणाले, "तुमच्या पंचांगात चुलीची वेळ काय आहे?"

"सात एकतीस. तुमच्या?"

"सात बारा."

दोघंही माझ्याकडं वळले. डोक्यावर सूर्य, आणि मला तर सावलीतही लपायची सोय नव्हती.

"नाना," अक्का म्हणाली, "किती वर्षं?"

"अकरा," मी म्हणालो.

मला वाटलं, आता माझा उद्धार होणार. पण मास्तर माझ्याशी बोललेच नाहीत. अक्काला म्हणाले, "म्हणजे तुम्ही माझ्यासाठी वेळ सोडत नव्हता?"

"मी कशाला सोडू? तुम्ही थांबत होता ना?"

"मी? छे."

दोघांनी घड्याळं माझ्या हातात दिली आणि दोन दिशांनी घरी गेले.

किन्नियाला मी गेलोच नाही. तेराला सूर्य रास बदलतो. त्या काळात कुणी काम करत नाही, चूल बंद असते. दोघंही आपापल्या ओसरीवर रिकामे, एकमेकांकडं पाठ करून बसलेले. मी आधी मास्तरांकडं गेलो.

"फसवलंस याचा राग नाही मला," ते म्हणाले. "मला वाटत होतं, जगात एक माणूस माझ्या हट्टापुढं आनंदानं नमतं घेतंय. त्यावर मी म्हातारपण काढत होतो. तेवढंही काढून घेतलंस."

अक्काकडं गेलो. तिनं मला बस म्हटलं नाही. "मग त्याच्या गुडघ्याला मी कशाला तेल चोळत होते, ते सांग." आणि आत जाताना, "उद्या आपापल्या घरी चुली पेटवू. मडकं आणू नकोस."

मी मडकं आणलं. नवं कोरं, लाल. आणखी काय करणार होतो? चौदाला उजाडताच दोन्ही घड्याळं रेडिओवर लावून दोघांच्या उंबऱ्यावर ठेवली. अंगणात तीन दगड मांडले, नारळाच्या करवंट्या रचल्या, मडक्यात दूध ओतलं आणि बसलो. एकटं बसायची वेळ आली तर मी त्या मडक्याचं काय करणार होतो, मलाच ठाऊक नव्हतं. नववर्ष त्यांचं. माझा त्यात ना सूर्य, ना रास. पण मला त्या दुधाची अशी ओढ लागली होती की लाज वाटावी.

सात वाजून नऊ मिनिटांनी उजवीकडचं दार उघडलं. अक्का न्हाऊन, पंचांगानं सांगितलेल्या हिरव्या रंगाची साडी नेसून, हातात दिवा घेऊन आली.

"अक्का, तुझी वेळ सात एकतीस ना?"

"मला माझं पंचांग शिकवू नकोस. सात बारा झाले की सांग. रात्री एका तमिळ घरातून त्यांचं पंचांग मागवून वाचलं मी. निम्मी बाळंतपणं तमिळ घरांत केलीत, वाचता येतं मला." तिनं डोळे वटारले. "आणि आज काट्याला हात लावलास तर तोडीन."

सात बाराला तिनं चूल पेटवली. आम्ही दोघं डावीकडच्या दाराकडं बघत राहिलो. दार बंद. सात तेरा. सात पंधरा.

"ऐकतोय ना तो?" अक्का म्हणाली. "धूर तरी जात असेल त्याच्या नाकात." मग आवाज उतरला तिचा. "आपल्याच वेळेला नाही आला. म्हणजे खरंच संपवलं त्यानं."

मी जाऊन दार ठोठावलं. आतून पाण्याचा आवाज येत होता.

"कोण? नाना? जा तू! सात एकतीसला येतो मी! अक्काची वेळ आहे ना? आणि तिला आत्ताच काही बोलू नकोस, बघू दे तिला!"

मी धावत अंगणात आलो. दुधावर साय धरायला लागली होती, कडेनं बुडबुडे येत होते. अजून अकरा मिनिटं.

"काय म्हणाला?"

"काही नाही."

"मग उतू जाऊ दे. वेळ त्याची, नशीब त्याचं!"

"थांब, अक्का," मी म्हणालो, आणि दोन करवंट्या ओढून बाहेर काढल्या.

"अरे, काय करतोस! नव्या वर्षाचा जाळ विझवतोस?"

"विझवत नाही. मागं करतोय जरा."

"सवयच लागलीय तुला!"

दूध वर आलं की मी करवंटी काढायचो, बसलं की परत सरकवायचो. दोनदा ते पार काठाशी आलं. कोपरापर्यंतचे केस जळाले, डोळ्यांत धूर गेला. स्प्रिंग धरून ठेवणं सोपं, तिला कळतं तरी. दूध कुणाचं ऐकत नाही. अक्का वेड्यासारखी माझ्याकडं बघत होती.

सात एकतीसला डावीकडचं दार उघडलं. मास्तर पांढरी, धोतरासारखी वेष्टी नेसून, कपाळाला भस्म लावून, काखेत पितळी घड्याळ घेऊन ऐटीत बाहेर आले आणि चूल बघून जागीच थबकले.

"हे काय? तुमची वेळ तर आत्ता होतेय, अक्का!"

"आणि तुमची उलटून गेली. मी पेटवली ती, सात बाराला."

"माझ्या वेळेला?"

"मग कुणाच्या? आणि तुम्ही कुठं होता?"

"तुमच्या वेळेची वाट बघत होतो!"

दोघं समोरासमोर उभे राहिले. मास्तरांनी काखेतलं घड्याळ खाली ठेवलं. अक्कानं पदर तोंडाला लावला. ती हसत होती का रडत होती ते मला धुरातून कळलं नाही, पण मला रडू येत होतं हे मात्र नक्की.

मी बाहेर काढलेल्या सगळ्या करवंट्या एकदम आत ढकलल्या. दूध उठलं. ज्या घराच्या बाजूला उतू जाईल त्या घराचं वर्ष भरभराटीचं, हे दोन्ही पंचांगांना मान्य असलेलं एकमेव कलम. त्यावर दर वर्षी भांडण व्हायचं. या वेळी दोघंही वाकून बघत होते. दूध डावीकडं गेलं नाही, उजवीकडं गेलं नाही. सरळ माझ्या अंगावर आलं, दगडावरून ओघळलं आणि माझ्या पायावर पडलं.

"नानाकडं गेलं," अक्का हलक्या आवाजात म्हणाली.

"दगड समपातळीत आहेत," मास्तर म्हणाले. "मी बघितलंय. नानाकडंच गेलं."

पाय चांगलाच पोळत होता. मी तो हलवला नाही.

"पाय काढ ना, मूर्खा!" दोघं एकदम ओरडले, अगदी एकाच क्षणाला, आणि त्यात माझा काहीही हात नव्हता.