काकांच्या उजव्या डोळ्याचे भिंग

मी एक जुने भिंग आहे. घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात ना, ते काळे, टोपणासारखे. ज्यांच्या दुकानात माझा जन्म गेला त्यांना गिऱ्हाइके काका म्हणत, म्हणून मीही काकाच म्हणते.

माझी जागा त्यांच्या उजव्या डोळ्यावर. डावा डोळा काम करताना मिटलेला. केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने उचलून काका ऐटीत म्हणत, "नजर अजून पोरासारखी आहे!" गिऱ्हाइके माना डोलावत. मीही फुशारून जाई.

पण मित्रांनो, हेच काका पायरीला ठेचकाळत. बाजूला ठेवलेला पाण्याचा पेला हमखास लवंडत. काकू करवादत, "केसाएवढी स्प्रिंग दिसते आणि एवढा पेला दिसत नाही? धांदरट कुठले!" सगळे हसत, काकाही हसत. समोरचे दिसत होते आणि बाजूचे नाहीसे होत होते, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

पुढे समोरही धुके आले. काका मलाच फडक्याने घासत, मलाच शिव्या देत. चोर सोडून संन्याशाला फाशी! काकूंचे भाऊ म्हणाले, "मोतीबिंदू असेल. पिकू द्या चांगला, मग काढा." फळ आहे का ते, पिकायला? पण काका खुशाल वाट बघत बसले.

शेवटी चाकाचे दात दिसेनात, तेव्हा मुलीने त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेले. मी खिशात होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मोतीबिंदू आहेच, पण काचबिंदूही आहे. डोळ्यातला दाब वाढून आतली नस सुकलीय. डावा डोळा गेलाय, काका."

"गेला? कधी?"

मिटूनच ठेवलेला डोळा कधी गेला, हे कोण सांगणार?

"उजव्याची दोन्ही ऑपरेशनं एकदमच करू. मोतीबिंदू काढून नवं भिंग बसवू, आणि आतलं पाणी निघायला बारीक वाट करू, म्हणजे दाब उतरेल. पण काचबिंदूनं नेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायची." काकांनी नव्या भिंगापर्यंतच ऐकले.

ऑपरेशन चांगले झाले. डोळा बरा झाल्यावर काकांनी मला लावले आणि ओरडले, "दिसलं गं! दात न् दात दिसला!" मग मला खाली ठेवून इकडेतिकडे बघू लागले. "अगं, गेलीस कुठे?"

काकू त्यांच्या शेजारीच उभ्या होत्या.

आता चाक दिसते, पण शेजारचा चिमटा सापडत नाही. चाचपडताना सगळे सांडते. दुकान बंद झाले आणि मी घरातल्या फळीवर धूळ खात पडले आहे. मित्रांनो, तुमच्या घरी कोणी सारखे ठेचकाळत असेल, तर हसू नका. त्यांचे डोळे तपासा, डोळ्यांतला दाबही तपासा. काही पिकण्याची वाट बघू नका.

हल्ली काकू पेला थेट हातात देतात. परवा तरीही खाली ठेवताना तो लवंडला.

"म्हण की धांदरट," काका म्हणाले.

काकूंनी फरशी पुसली आणि पेला पुन्हा भरून त्यांच्या हातात दिला.