खड्ड्यावरचा चेडा

"तीस वर्षं काही होत नाही, मावशी. खाली जाड प्लास्टिक आहे, वर माती आहे," कंपनीचा साहेब म्हणाला.

"आनि तीस वर्सांनंतर?" बायजाने विचारलं.

साहेब हसला. "तेव्हा ना तुम्ही असाल, ना मी."

बायजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाडीच्या वरच्या अंगाला, झऱ्याच्या डोक्यावरच कंपनीने खड्डा मारून महाडच्या कारखान्यातला विषारी गाळ पुरला होता. त्यावरचं हिरवंगार गवत खाऊन तिची गाभण म्हैस मेली. गवतानेच मेली कशावरून, म्हणून साहेबाने हात झटकले. एक इंग्रजी बोर्ड ठोकून तो गाडीत बसला. पावसाळ्याआधीच बोर्ड पोलादपूरच्या भंगारात पोचला, कुंपणाच्या ताराही त्याच्यामागोमाग गेल्या.

आज सांगितलं तर माणसं उद्या विसरतात. तीस वर्षांनी सांगायला कोण उरणार? पण बोर्डाला न भिणारा माणूस देवाला भितो. बायजाने गुपचूप नदीतला एक गोटा आणला, शेंदूर फासून खड्ड्यावर बसवला आणि वाडीभर सांगत सुटली, "तिथं रानातला चेडा जागा झालाय. लय तापट देव. काडी जरी तोडलीत, तरी घराला कुलूप लागंल."

मात्रा लागू पडली. वर्षभर तिकडे कोणी फिरकलं नाही. बायजा निर्धास्त झाली.

पण तापट देव म्हणजे कडक देव, आणि कडक देवच नवसाला पावतो, हे ती विसरली. आधी एक नारळ आला, मग कोंबडा. एका मंगळवारी ती वर गेली, तर शेजारची ठकूबाई तापाने फणफणलेल्या नातीला मांडीवर घेऊन बसलेली. गोट्याखालची माती उकरून तिने पोरीच्या कपाळाला लावली आणि चिमूटभर तिच्या जिभेकडे नेली.

बायजाने तिच्या हातावर फटका मारला. "टाक! इख हाय ते, गो!"

"चेड्याचा अंगारा हाय. तूच सांगितलंस ना तो जागा झालाय म्हनून?"

"खोटं सांगितलं मी! चेडा नाय न् काय नाय. खाली कंपनीची घान हाय!"

"देवाला खोटा म्हनतेस? जीभ झडंल तुझी."

बायजाला साहेबाचा राग आला, ठकूबाईचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या अकलेचा आला. तिने तो गोटा दोन्ही हातांनी उचलला आणि उतारावर ढकलून दिला. ठकूबाई पोरीला उचलून शिव्याशाप देत खाली पळाली.

दुसऱ्या दिवशी वाडीतली माणसं नवा गोटा घेऊन वर आली. शेंदराच्या डागावर बायजा काठी घेऊन बसली होती.

"या," ती म्हणाली. "कोन माती उचलतो ते बघते."

बायजाने सत्तरी ओलांडली होती. साहेबाच्या तीस वर्षांतलं अजून दुसरंच चालू होतं.