शेवटच्या दारापासून हापशापर्यंत

मित्रांनो, मी मोजणीची एक जुनी लोखंडी साखळी आहे. तेहेतीस फूट लांब, दोन्ही टोकांना पितळी कड्या. आता सेनगाव तालुक्यातल्या एका शाळेच्या भिंतीवर लटकते. पण ऐन उमेदीत मी कुणाची भीड ठेवली नाही. जे भरेल ते सांगायचं, पाटलाचं असो की पाहुण्याचं.

माझे धनी गुलाबसिंग मोजणीदार. त्यांच्याबरोबर मी हिंगोलीच्या पेठेतले रुंद रस्ते मोजले, पुसेगावचे बोळही मोजले. सरळ रस्त्यांचं गाव शहाणं आणि वाकड्या बोळांचं अडाणी, असं माझं ठाम मत होतं. लोखंडाला मत नसावं असं कुठं लिहिलंय?

दोन हजार एक साली एक लहान गाव तलावात जायचं होतं. नव्या गावठाणाचा नकाशा गुलाबसिंगांनी काढला. सगळे रस्ते सरळ, काटकोनात. मी खूश झाले. पण गावातले मानकरी शेतकरी कोंडीबा यांच्या आग्रहाने जुनीच मांडणी नव्या रेषांत बसवली होती. पाण्याचा हापसा वरच्या आळीत आणि बौद्ध वस्ती पार खाली, ओढ्यापलीकडे.

बैठकीत खालच्या वस्तीतल्या पद्माबाई उठल्या. जन्मभर त्यांनी वरून पाणी वाहिलं होतं. आता नातीनंही तेच करायचं का, एवढंच त्यांनी विचारलं. कोंडीबांनी जुना नकाशा पुढे सरकवला. अंतर ते काय, दोन बोटं.

"कागदावर बोटं चालत्यात, मामा. आमी पायानं चालतो," पद्माबाई म्हणाल्या. "साखळी लावा."

साखळी ओढायला दोन माणसं लागतात. गुलाबसिंगांचा मदतनीस तापाने घरी पडलेला, म्हणून माझी पुढची कडी कोंडीबांच्याच हातात आली. जुन्या गावात त्यांच्या दारापासून हापसा दोन साखळ्या भरला. मग पद्माबाईंचं दार. तिथून बोळ सरळ वर जातच नव्हता. वरच्या घरांच्या पाठभिंती आडव्या, म्हणून तो उकिरड्याला वळसा घाली, गोठ्यांमागून जाई, पुन्हा खाली उतरे. नवव्या साखळीला कोंडीबांनी धोतराच्या सोग्याने घाम पुसला. साठ वर्षं गावात काढली, पण त्या बोळात त्यांचा पाय कधी पडला नव्हता. मला त्यांची कीव आली नाही. खरं सांगते, बरं वाटलं.

एकोणीस साखळ्या भरल्या.

कोंडीबा हापशाच्या ओट्यावर टेकले. मग म्हणाले, "गुलाबसिंग, नव्या नकाशात हापसा मधोमध घ्या. अन् प्लॉटच्या चिठ्ठ्या टाका. ज्याला जे निघंल ते."

चिठ्ठीत पद्माबाईंना चौकाजवळचा प्लॉट निघाला आणि कोंडीबांना नेमका शेवटचा. घरं उभी राहिल्यावर कोंडीबांनी गुलाबसिंगांना बोलावून घेतलं आणि स्वतः माझी कडी धरली. "माझंबी मोजा."

पाच साखळ्या. वाटेत पद्माबाईंचं दार लागलं.

"बसा मामा, लई चालले," त्या म्हणाल्या आणि तांब्या पुढे केला. कोंडीबा बसले. त्या घरचं पाणी ते पहिल्यांदाच प्याले.

माझं मतही त्या गावाने बदललं. रेषा सरळ असली म्हणून गाव सरळ होत नाही.

आता मोजणीला यंत्रं आली आणि माझ्या दुव्यांवर गंज चढला. मित्रांनो, वर्षातून एकदा तेलाचं बोट फिरवाल तर उपकार होतील. आणि कुठल्या गावाचा, शहराचा नकाशा आवडला, तर मोजायला त्याच्या शेवटच्या दारापासून सुरुवात करा. दुसरी कडी मात्र अशा माणसाच्या हातात द्या, ज्याचं घर पाण्याजवळ आहे.