टाळीसाहेबांची निळी भिंत

आमच्या रंगाच्या कारखान्यात टाळीसाहेब आले ते म्हणे संस्कृती घडवायला. त्याआधी आम्ही झाडावर राहत होतो की काय, कोण जाणे. माणूस दिसायला चकाचक, बोलायला गुळगुळीत आणि रंगातलं ओ की ठो कळत नाही. उठसूट टाळ्या वाजवायचे, म्हणून आम्ही त्यांना हे नाव ठेवलं. तोंडावर अर्थातच ‘सर’.

शेड जुळवायच्या खोलीत आमची एक जुनी पद्धत होती. ज्याने रंग कालवला, त्याने तो पास करायचा नाही. दुसऱ्याने रंगाचा पट्टा उजेडात धरून खोट काढायची आणि खोट निघेनाशी झाली की मगच ड्रमचं झाकण ठोकायचं. हे करताना कुणी जिभेला मध लावून बोलत नसे. कालवायला असायची आत्या. ती आमच्यापैकी कुणाचीच सख्खी आत्या नव्हती, पण कान उपटायचा हक्क मात्र सख्ख्या आत्यासारखा गाजवायची. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं होतं, “डोळे आहेत की शर्टाची बटणं?”

टाळीसाहेबांनी एक दिवस ही भाषा ऐकली आणि त्यांचा चेहरा पडला. “वातावरण फार विषारी आहे,” ते म्हणाले. झालं. खोट काढणं बंद, आधी कौतुक करायचं. शिवाय दर शुक्रवारी सगळ्यांनी गोल करून बसायचं. लोकरीचा एक चेंडू फिरवायचा आणि तो ज्याच्या हातात येईल त्याने मन मोकळं करायचं. पहिल्यांदा साहेबांनी स्वतःचं मन मोकळं केलं. “माझा दोष एकच, मी कामात स्वतःला फार झोकून देतो,” असं म्हणून डोळे पुसले. दोष म्हणे! डोंबल.

आत्याला मात्र हे सगळं खरं वाटलं. चेंडू हातात आल्यावर ती म्हणाली, “माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय. निळे रंग मळकट दिसतात. ऑपरेशन ठरलंय. तोवर निळं हा बघतो.” तिने माझ्याकडे बोट दाखवलं. आम्हा सगळ्यांना हे ठाऊक होतं आणि कुणाचं काही अडलेलं नव्हतं. टाळीसाहेबांनी उठून तिचे हात हातात घेतले. “केवढं धाडस!” टाळ्याच टाळ्या. सोमवारी तिची बदली झाकणांच्या गोदामात झाली. तिच्याच भल्यासाठी, हे सांगायला नकोच.

मग साहेबांनी निळ्याचं काम मशीनवर घातलं आणि पास करायचं स्वतःकडे घेतलं. एका शाळेसाठी केलेला पहिलाच रंग त्यांनी आमच्या बैठकीच्या खोलीतल्या भिंतीला लावून घेतला आणि त्याला नाव दिलं ‘विश्वासाचा निळा’. तो चक्क लाल मारत होता, म्हणजे निळ्यात तांबूस झाक होती. मला दिसलं, ड्रम भरणाऱ्या दादांनाही दिसलं.

“कसा वाटतो?” साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं.

“छान,” दादा म्हणाले.

“वा!” मी म्हणालो. शेपूट घालणं म्हणतात ते हेच. दाराशी झाकणांचं खोकं घेऊन उभी असलेली आत्या ते ऐकून निघून गेली.

दोन दिवसांनी गोदामात गेलो तर ती गप्प बसलेली. आत्या गप्प, म्हणजे काहीतरी भयंकर.

“शुक्रवारी नोकरी सोडतेय मी,” ती म्हणाली. “ऑपरेशनही नको म्हणून लेकीला सांगून टाकलं.”

“असं काय करतेस?”

“ती भिंत मला लालसर दिसते रे. तुम्ही सगळे म्हणता, निळी छान. मोतीबिंदूने निळं मळकट होईल, लाल कुठून येईल? डोळाच गेला माझा. आता चिरफाड करून काय उपयोग?”

“अगं, भिंतच लाल मारतेय!”

“माझी समजूत काढू नकोस. तुझं ‘वा’ ऐकलंय मी.”

मी शपथा घेतल्या. तिने एक झाकण पुसायला घेतलं आणि माझ्याकडे पाठ केली.

शुक्रवारी त्याच भिंतीसमोर तिचा निरोप समारंभ ठेवला होता. प्रत्येकाने तिच्याबद्दल एक चांगली गोष्ट सांगायची. दादा म्हणाले, “आत्या फार गोड बोलते.” ते ऐकून आत्यालाच ठसका लागला. मग चेंडू माझ्याकडे आला. माझी बायको घरी बसून होती, दुसरी नोकरी कुठे वाढून ठेवलेली नव्हती. पण त्या म्हातारीने माझ्या खोटेपणापायी डोळा गमवावा, एवढा काही मी निर्लज्ज झालो नव्हतो.

“आत्याबद्दल चांगलं काही सुचत नाही,” मी म्हणालो. “भिंतीबद्दल वाईट सांगतो. लाल मारतेय. मी वा म्हणालो ते भीतीने.”

“आधी कौतुक, आधी कौतुक,” टाळीसाहेब घाईघाईने म्हणाले.

“वाळली लवकर,” दादा खाली मान घालून म्हणाले. “बाकी लालच आहे. पहिल्या दिवसापासून.”

“मलाही तशीच दिसते,” कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं. मग सगळेच बोलायला लागले.

आत्या उठली. भिंतीला नाक लागेल इतकी जवळ गेली आणि तिथेच उभी राहिली. वळली तेव्हा तिचे डोळे भरले होते, पण तोंड जागेवर आलं होतं.

“मेल्यांनो, मग इतके दिवस तोंडात काय कोंबून बसला होतात? मी आंधळी होऊन घरी बसणार होते!”

टाळीसाहेब भारावले. “बघा, किती सुंदर मोकळेपणा! हेच तर आपण घडवत होतो.” आणि टाळी वाजवायला त्यांनी हात उचलले.

“हात खाली,” आत्या म्हणाली. “या रंगाचे ड्रम कुठेत?”

साहेबांचे हात तसेच राहिले. “गाडीत चढलेत,” ते हळूच म्हणाले.

“उतरवा. दादा, झाकणं उघडा.” मग माझ्याकडे बघून ती म्हणाली, “आणि बटणं, तू चल माझ्याबरोबर. लेकीला फोन लावून दे आधी.”