चाळीस मीटरचा महादेव

सारांश

नांदेडच्या भूगर्भशास्त्र परिषदेत संशोधक तनुजाला दहा मिनिटांत सिद्ध करायचं होतं, की किल्लारीच्या रानात चाळीस मीटर खालचा भोकाभोकांचा खडक पाणी पितो. सत्राचे अध्यक्ष राजशेखर सर यांनी आधीच कळवलं होतं: ती भोकं खनिजानं बुजलेली असतात, पुरावा आणा, नाहीतर शोधनिबंध मागे घ्या.

साहित्य

पुरावा म्हणजे किल्लारीचा शेतकरी श्रीमंत याच्या शेतात बोअरच्या यंत्रानं तेवढ्या खोलीवरून उपसलेला वीतभर गोल दगड. लातूरला कॉलेजात त्या बोअरच्या दगडांची पेटी उघडली, तर सगळे तुकडे ओळीनं होते आणि चाळिसाव्या मीटरची जागा रिकामी.

फोनवर श्रीमंत आधी पोटभर हसला, मग त्यानं आईकडे फोन दिला. तुळजाबाईंचं म्हणणं सरळ होतं. काळा, गोल, गुळगुळीत, जमिनीतून वर आलेला. महादेव नाही तर दुसरं काय समजायचं? चार महिने अंगणात रोज अभिषेक चालू होता.

पद्धती

तनुजानं विनवलं. बाजारातून छान घडवलेली पिंड आणून देते म्हणाली.

“इकत घेतलेला अन् आपनहून आलेला एक असतो का, बाई?”

शेवटी तुळजाबाई स्वतःच जीपमध्ये बसल्या, मांडीवर नव्या खणात महादेव.

चर्चा

परिषदेत राजशेखर सरांनी दगडाला हात घालताच तुळजाबाईंनी त्यांना बूट काढायला लावले. सरांनी नाड्या सोडल्या, भिंग लावलं, आणि भोकं बुजलेलीच आहेत म्हणाले.

तुळजाबाई जागेवरून बोलल्या, “दुसऱ्या दगडावरून पानी घसरतंय. ह्यो पितोय. सांजच्याला बी वला लागतोय.”

सरांनी बाटलीतलं पाणी ओतलं. ते दगडात मुरलं. पुढची रांग उठून टेबलाभोवती जमली.

सर म्हणाले, महिनाभर दगड प्रयोगशाळेत ठेवा, मोजमाप झालं की निबंध पक्का. तनुजा हो म्हणणारच होती; तेवढ्यात तिला खणावर आवळलेली तुळजाबाईंची बोटं दिसली.

“दगड नाही राहणार, सर. तुम्हीच वजनाचा काटा घेऊन या.”

परिशिष्ट

सोमवारी सर अंगणात हजर. अनवाणी. कोरडं वजन आधी घ्यायचं म्हणून देवाची आंघोळ पहिल्यांदाच तासभर लांबली. तुळजाबाई तांब्या धरून उभ्या. मग ओल्या वजनासाठी सरांनी बादली मागितली.

“बादलीत बुडवतेत व्हय देवाला? तांब्यानं ओता. अन् आधी बेलाचं पान वाहा.”

सर दिवे लागेपर्यंत ओतत राहिले. ओलं वजन जास्त भरलं. पानाचं वेगळं करून त्यातून वजा केलं.

निबंध पक्का झाला.