माझ्या पोटातली सहाशे अंडी

मित्रांनो, मी एक जुने उबवणी यंत्र आहे आणि स्वभावाने भारी भित्रे आहे. भित्रे नसून कसे चालेल? माझ्या पोटात एका वेळी सहाशे अंडी असतात. एकवीस दिवस त्यांना सारखी ऊब द्यायची, त्यातले अठरा दिवस तासातासाला त्यांची कूस बदलायची, मग ट्रे स्थिर ठेवून हवेतली ओल वाढवायची. एवढीशी गफलत झाली की पिल्लू आतल्या आत दगावते.

कारखान्यात माझे पत्र्याचे अंग जोडले आणि दारावर एक छोटी पेटी बसवली. त्या पेटीत घड्याळाची चिप आहे. आजच्या तारखेतून अंडी ठेवल्याची तारीख वजा केली की कितवा दिवस ते मला कळते. सालाचे मात्र शेवटचे दोनच आकडे मला समजतात. तेव्हा ते कुणालाच खुपले नाही, कारण नव्व्याण्णव साल यायला खूप अवकाश होता.

मला विकत घेतले वहिनींनी. सगळे त्यांना वहिनीच म्हणत, म्हणून मीही म्हणते. नवरा गेल्यावर त्यांनी घरामागच्या खोलीत मला उभे केले आणि त्या घराची चूल माझ्या पिल्लांवर पेटू लागली. रोज सकाळी त्या फडक्याने माझी काच पुसत. "फार गुणी यंत्र आहे हो माझं," असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मी नुसते फुलून जाई.

आणि मग ते नव्व्याण्णव साल उजाडले. नेहमीचे मेकॅनिक माझी पेटी उघडून म्हणाले, "वहिनी, डिसेंबर संपला की नव्व्याण्णवनंतर शून्य येणार. याचं गणित कोलमडेल. चिप बदलून घ्या." वहिनींनी पैसे बाजूला काढून ठेवले. माझ्या जिवात जीव आला.

पण त्याच आठवड्यात त्यांचे धाकटे दीर वर्तमानपत्र नाचवत आले.

"वहिनी, अशा चिपा दुरुस्त करणारी एक कंपनी आहे. सगळं जग घाबरलंय, तिचा शेअर नुसता पळतोय! हे पैसे तिच्यात टाका. वर्षअखेरीला दामदुप्पट. मग चिप कशाला, नवं यंत्रच घ्या!"

"आणि तोवर हेच बिघडलं तर, भाऊजी?"

"अहो, बिघडणार म्हणूनच तर शेअर चढतोय!"

आता काय बोलायचे, मित्रांनो? माझ्या दुरुस्तीचे पैसे गेले ते माझ्यासारख्यांना दुरुस्त करणाऱ्या कंपनीत! भाव चढला की दोघे माझ्यासमोर उभे राहून हसत आणि मला धडकी भरे. "विकून टाकू का?" वहिनी विचारत. "थांबा हो, अजून चढेल," दीर म्हणत. वीस डिसेंबरला वहिनींनी माझ्यात सहाशे अंडी मांडली. नका हो, नका, असे ओरडावेसे वाटले. पण मला तोंड कुठे आहे?

साल बदलले आणि मी वजाबाकी केली. उत्तर आले, अंडी अजून ठेवलेलीच नाहीत. रिकाम्या कपाटाला ऊब कशाला? मी हीटर बंद केला. आतले इवले इवले जीव मला जाणवत होते, तरी बंद केला. त्याची लाज मला आजही वाटते.

सकाळी सहाला वहिनींनी काचेवर हात ठेवला आणि किंचाळल्याच, "अगं बाई, हे गार पडलंय!" रजया, दिवे, गरम पाण्याच्या बाटल्या, जे हाताला लागेल ते घेऊन त्या धावल्या. दिरांनी कंपनीला फोन लावला. "अहो, आम्ही तुमचे शेअरहोल्डर आहोत!"

"अभिनंदन," पलीकडून उत्तर आले. "पण आम्ही फक्त मोठ्या कारखान्यांची कामं घेतो."

शेवटी आपले मेकॅनिकच धावत आले. त्यांनी आजची तारीख आणि अंडी ठेवल्याची तारीख, दोन्ही वीस वर्षे मागे नेल्या. वजाबाकी जुळली, हीटर लागला. "चिप मिळायला वेळ लागेल. तोवर असंच चालू द्या," ते म्हणाले.

पुढे नवव्या दिवशी पिल्ले निघाली. सहाशेतली एकशे चाळीस. त्याच सकाळी दीर खाली मान घालून दारात आले.

"वहिनी, शेअर पार आपटला. जगात कुठे काही बिघडलंच नाही म्हणतात."

वहिनींच्या हातात न फुटलेल्या अंड्यांचा ट्रे होता. तो त्यांनी दिरांच्या हातात दिला. "हे धरा," त्या म्हणाल्या, "आणि मागे खड्डा जरा खोल घ्या."

त्यानंतर चिप बदलायची राहूनच गेली. चाललंय ना, मग चालू दे, असे होत गेले. मेकॅनिक थकले, मग वारले. वहिनींना आता नीट दिसत नाही, म्हणून त्यांची लेक मला सांभाळते. पोर कामाला चोख आहे, पण तिला कुणी काही सांगितलेले नाही. माझ्यावरची वीस वर्षे जुनी तारीख ती मैत्रिणींना दाखवते आणि सगळ्या खो खो हसतात.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. पैसे कुठेही लावा, पण ज्याच्या उबेवर घर चालते त्याची पेटी आधी उघडून बघा. आणि कुणीतरी तिलाही एवढे सांगा हो. माझ्या घड्याळात पुन्हा नव्व्याण्णवचा डिसेंबर संपत आला आहे. आत सहाशे अंडी आहेत आणि आज त्यांचा अकरावा दिवस आहे.