सर्दीने मेलेले परग्रहवासी

"एवढं अजस्र यान शहरावर अधांतरी थांबलंय आणि खाली कुणाची छत्रीसुद्धा हलत नाही," ताई काचेपलीकडून इंटरकॉमवर म्हणाली. "चूक. माझा एक गुण."

काचेच्या अलीकडे बसलेल्या धाकट्या भावाने लॅपटॉपचा पडदा तिच्याकडे आणखी जरा वळवला. ती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची, तो शाळेत जीवशास्त्र. परग्रहवासी पृथ्वीवर चाल करून येतात अशा पिक्चरांच्या दोघांनी लहानपणापासून चिंध्या केल्या होत्या. आपापल्या विषयातल्या चुका ज्याने त्याने काढायच्या, हा नियम.

आता ती जंतू शिरू नयेत अशा बंद खोलीत होती. तिच्या रक्ताच्या आजारावर उपाय म्हणून धाकट्याच्या रक्तातून काढून तिला दिलेल्या, नवं रक्त तयार करणाऱ्या पेशी रुजल्या नव्हत्या. त्यावर डॉक्टर सकाळी जे म्हणाले, ते तिला सांगायला त्याची जीभ रेटत नव्हती. म्हणून हाताला लागेल तो पिक्चर त्याने लावला होता. त्याचा शेवट तो साफ विसरला होता.

परग्रहवासी शिंकायला लागले, मग पटापट कोसळायला लागले. आपल्या साध्या सर्दीनेच त्यांचा निकाल लावला, असं पडद्यावरचा शास्त्रज्ञ आनंदाने ओरडला. धाकट्याचा हात बटणाकडे गेला.

"हात काढ. चालू राहू दे."

शेवटचा परग्रहवासी पडेपर्यंत ती बघत राहिली.

"ही चूक तुझ्या विषयातली. बोल की."

"काय बोलू?"

"अरे, कोंबडीचे सगळे रोग आपल्याला होत नाहीत, मग परक्या ग्रहावरच्या जिवाला आपली सर्दी कशी होईल? शेंबड्या पोरालाही कळेल. एवढी घोडचूक समोर असून तू गप्प. डॉक्टर काय म्हणाले?"

धाकट्याने लॅपटॉप बाजूला सरकवला.

"माझ्या पेशी घेऊन पुन्हा करता येईल. पण औषधं फार कडक. नव्या पेशी रुजेपर्यंत साधी सर्दीसुद्धा... न केलेलंच बरं, म्हणाले."

"मला करायचंय."

"ताई, ऐक ना..."

"ते बावळट एवढ्या लांबून आले आणि साधा मास्क न लावता उतरले. मी तशी नाही. हात धुऊन धुऊन सालं निघालीत माझी. काढ, माझ्या बोलण्यात चूक काढ."

चूक त्याला केव्हाच दिसली होती. जंतू काही बाहेरूनच यावे लागत नाहीत, माणसाच्या पोटातही असतात. हे तो दरवर्षी वर्गात शिकवत असे.

"नाही सापडत," तो म्हणाला.

"खोटं बोलताय, मास्तर."

"हो."

तिने टोपी कानांवर ओढली. ती घाबरली होती, आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही.

"असू दे. शंभर चुका असल्या तरी पिक्चर शेवटपर्यंत चालतोच ना? जा, त्यांना सांगून ये. मग दुसरा लाव."

तो उठला आणि डॉक्टरांच्या खोलीकडे निघाला. चालता चालता त्याने शर्टाची बाही वर सारली.